रणगाड्याला कोणती माती लावायची?

नाला खोलीकरणाला आमच्या शिवारात पोकलेन आलं, तेव्हा गावातली पोरं बकेट पाहायला जमली होती आणि मी खाली बसून चेनीचे फोटो काढत होतो. ऑपरेटरला वाटलं, कुठंतरी तक्रार करायला पुरावा गोळा करतोय. त्यानं विचारलंच. मी म्हटलं, घरी रणगाडा बनवतोय, त्यासाठी पाहिजे. त्यानंतर त्यानं काही विचारलं नाही, पण मशीन जरा लांब नेलं.

रणगाडा खराच बनवत होतो, फक्त पस्तीसपट लहान. प्लास्टिकचे सुटे भाग कापायचे, जोडायचे, रंगवायचे आणि मग तो नवा कोरा रंग पद्धतशीर जुना करायचा, असा हा छंद आहे. यातला शेवटचा भाग लोकांना कळत नाही. आमच्या बाबांनाही कळला नव्हता. ‘काहून गा, एवढी चांगली गाडी रंगवली अन् आता तिले माती काहून फासून रायला?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचंच उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी मापाचं पाहू. रणगाड्यांची मॉडेलं बहुतेक १:३५ या प्रमाणात येतात. पस्तीसच का? दहा, वीस, पन्नास असा गोल आकडा का नाही? जपानच्या तामिया कंपनीनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर या जर्मन रणगाड्याचं मोटारीवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटार आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार धरला आणि मोजून पाहिलं तर प्रमाण साधारण १:३५ निघालं. पुढं बाकीच्यांनीही तेच उचललं. म्हणजे जगभरचे हौशी लोक आजही त्या बॅटऱ्यांच्या मापानं चालतात.

मी निवडला तो सेंच्युरियन. ब्रिटिश बनावटीचा, ५१ टनांच्या आसपास वजनाचा, आत चार माणसं. इंजिन रोल्स रॉईसचं मेटिऑर. स्पिटफायर विमानातल्या मर्लिन इंजिनावरूनच ते तयार केलेलं. १९६५च्या भारत-पाक लढाईत सियालकोट भागात पूना हॉर्स या रेजिमेंटकडे हेच रणगाडे होते. त्यांचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर फिलोराच्या लढाईत जखमी होऊनही मागे गेले नाहीत, १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांच्या रणगाड्याचं नाव होतं ‘खुशाब’. १८५७ साली इराणात खुशाबला झालेल्या लढाईवरून ते आलं. मला तोच रणगाडा करायचा होता. तारीख, जागा आणि माणूस, तिन्ही ठाऊक असलेला रणगाडा मिळाला की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. ते कसे, ते मातीपाशी आल्यावर सांगतो.

सेंच्युरियनचा सांगाडा तोफेची नळी सोडून साधारण ७.६ मीटर लांब. भागिले पस्तीस, म्हणजे पावणेबावीस सेंटिमीटर. पावणेसहा फुटांचा माणूस पाच सेंटिमीटरचा होतो. वजनाचं गणित मात्र वेगळं चालतं. लांबी पस्तीसपट कमी, रुंदी पस्तीसपट, उंचीही पस्तीसपट. म्हणून वजन ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, म्हणजे ४२,८७५ पटीनं उतरतं. ५१ टनांचं एवढंसं लोखंड केलं तर ते सव्वा किलोच्या आत भरेल आणि आपलं मॉडेल तर पोकळ प्लास्टिकचं. ते टेबलावर पाखरासारखं बसतं. म्हणून ते जड दिसावं याची सोय आपल्याला करावी लागते. चेन चाकांवर ताणलेली राहू न देता चाकांच्या मध्ये किंचित झोळ द्यायचा, खालच्या बेसमध्ये ती जरा रुतवायची. डोळा वजन तोलत नाही, ते कुठं दबलंय एवढंच पाहतो.

जोडकामावर फार वेळ घेत नाही, ते किटसोबतच्या कागदात असतं. दोन-तीन गोष्टी मात्र कागद सांगत नाही. भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला लागून येतात तिच्यावरून तोडताना मुळाशी न कापता थोडा देठ ठेवून कापा आणि मग देठ पॉलिश पेपरनं घासा. मुळाशी कापलं की प्लास्टिक पांढरं पडतं, कधी टवका उडतो. या कामाचं सिमेंट म्हणजे फेव्हिकॉल नव्हे. ते प्लास्टिक चिकटवत नाही, वितळवतं. दोन्ही कडा विरघळून एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेलं की सांधा एकजीव होतो. वेल्डिंगच म्हणा. पातळ सिमेंटचा ब्रश सांध्याला नुसता टेकवला की ते फटीत आपोआप ओढलं जातं. फेव्हिक्विक धातूच्या भागांना ठीक, प्लास्टिकच्या मोठ्या सांध्यांना नको. त्यात दुरुस्तीला क्षणभरही सवड मिळत नाही.

सेंच्युरियनचा टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, ओतीव पोलादाचा, सांगाडा मात्र जाड पत्रे वेल्ड करून केलेला. ओतकामाचा पृष्ठभाग खरबरीत असतो. किटमधलं प्लास्टिक पुष्कळदा जास्तच गुळगुळीत निघतं. त्यावर पातळ केलेली पुट्टी जुन्या ब्रशनं टोचत टोचत लावली, वाळल्यावर हलकी घासली, की ओतीव पोलाद दिसायला लागतं. मोटार बांधणाऱ्याच्या दुकानात जळक्या मोटारीची तांब्याची तार पडलेली असते. ती पिळली की ओढायचा दोर तयार. फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर गरम करून ओढला की अँटेना. नागपूरपर्यंत जायची गरज बऱ्याचदा पडत नाही.

खरी गोष्ट रंगापासून सुरू होते.

रंगांचे तीन प्रकार ध्यानात ठेवले की पुरे. लॅकर, ॲक्रिलिक आणि तिसरा ऑइल किंवा इनॅमल. लॅकर त्याच्या तेज थिनरमध्ये विरघळतो, ॲक्रिलिक पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये पातळ होतो, ऑइल व्हाइट स्पिरिटमध्ये. एकावर एक थर देताना नियम एकच, वरच्या थराच्या द्रावकानं खालचा वाळलेला थर विरघळता कामा नये. म्हणून सगळ्यात तेज ते तळाला आणि सगळ्यात सौम्य ते वर. तळाशी लॅकरचा प्रायमर, त्यावर ॲक्रिलिकचा हिरवा, त्यावर ऑइलचं काम. आता ऑइल चुकलं तर व्हाइट स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून टाका, खालच्या हिरव्याला काही होत नाही. जुना करण्याचा सगळा खेळ या पुसता येण्यावर उभा आहे. उलटं केलं, ऑइलवर लॅकर मारला, तर खालचं काम सुरकुततं. मी ते केलेलं आहे.

आपल्या भागातली हवा यात स्वतंत्र पात्र आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पिचकारीतून, निघालेला ॲक्रिलिक मॉडेलपर्यंत पोचायच्या आतच वाळतो. वर बसते ती रवाळ भुकटी, आणि सुईच्या टोकाला रंग चिकटून नळी बंद. उपाय दोन, रंगात वाळणं लांबवणारं रिटार्डर थेंबभर घाला किंवा पहाटे पाचला उठा. मी पहाटे उठतो, तेव्हा लाईनही असते. पावसाळ्यात तक्रार उलटी. लॅकरचं द्रावक भरभर उडतं, त्यानं पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर धरते. रंग वाळतो तो पांढुरक्या धुक्यासकट. झड लागलेली असताना लॅकरची बाटली उघडू नये. आणि दिवाळीनंतर वेचलेला कापूस घरात येऊन पडतो, तेव्हा ओल्या रंगावर काय काय उडून बसतं ते कापूसवाल्या घरांना सांगायला नको. थिनरचा वास डोक्यात जातो, म्हणून दार-खिडकी उघडी, तोंडाला मास्क आणि चुलीपासून लांब. यात हयगय नको.

हिरवा रंग बसला की गाडी दिसते खेळण्यासारखी. एकसारखा रंग डोळ्याला खोटा वाटतो. याचं कारण अंतरात आहे. मॉडेल आपण फूटभर लांबून पाहतो. तीस सेंटिमीटर गुणिले पस्तीस, म्हणजे साडेदहा मीटर. एवढ्या लांबून खरी वस्तू पाहिली तर रंग थोडा फिका आणि सावल्या विरलेल्या दिसतात. म्हणून डब्यातला रंग जसाच्या तसा न मारता किंचित उजळ करून मारतात, आणि ज्या सावल्या एवढ्याशा वस्तूवर पडतच नाहीत त्या रंगानं काढतात. त्यासाठी ‘वॉश’. आधी गुळगुळीत वार्निश द्यायचं, मग गडद तपकिरी ऑइल रंग चहासारखा पातळ करून बारीक ब्रशचं टोक बोल्टच्या मुळाशी, झाकणाच्या फटीशी टेकवायचं. केशाकर्षणानं रंग स्वतःच फटीतून धावतो. वार्निश न देता केलं तर तो खरखरीत रंगात शोषला जाऊन डाग पडतो. सबंध गाडीला वॉश फासणारे लोक आहेत. मला ते पटत नाही, गाडी धुरकटते. जिथं फट, तिथंच वॉश.

इथून पुढं माझा गुरू ओसरीसमोर उभा आहे. आमचा ट्रॅक्टर.

बाबांच्या त्या प्रश्नावर मी त्यांना ट्रॅक्टरजवळ नेलं आणि विचारलं, रंग कुठं उडाला ते दाखवा. त्यांनी न पाहता सांगितलं. चढताना पाय पडतो ती पायरी, हात टेकतो तो मडगार्डचा काठ, पाना लागतो ते नटबोल्ट, ट्रॉलीचा हूक घासतो ती जागा. बोनेटच्या मधोमध? ‘तिथं कायले जाईन?’ यातच सगळं आलं. रंग उडतो तो कारणानं उडतो. नवशिक्या माणूस स्पंजानं सगळीकडे सारखे ठिपके मारतो आणि गाडीला देवी आल्यासारखी दिसते. सेंच्युरियनमध्ये चार माणसं दिवसातून दहा वेळा चढ-उतर करतात. ती कुठून चढतात, कुठं बूट टेकतात, कुठलं झाकण उघडतात, एवढंच शोधायचं. टवक्याचं मापही सांभाळायचं. मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा टवका खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटरचा होतो. म्हणून ठिपका जेवढा बारीक जमेल त्याहून बारीक.

टवके काढायची माझी आवडती रीत हेअरस्प्रेची. तळाला गंजाचा तपकिरी रंग, त्यावर दुकानातला साधा हेअरस्प्रे, त्यावर ॲक्रिलिक हिरवा. हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो. अर्ध्या-पाऊण तासानं हव्या त्या जागी ओला ब्रश फिरवला की पाणी हिरव्यातून खाली झिरपतं, मधला थर सुटतो आणि हिरव्याचे खरेखुरे पापुद्रे निघतात. हे हातानं रंगवून जमत नाही, कारण आपला हात नकळत नक्षी काढायला लागतो.

गंजाबद्दल तर सगळ्यात जास्त गैरसमज. रणगाडा म्हणजे लोखंड, लोखंड म्हणजे गंज, असं समजून लोक गाडी नारिंगी करून टाकतात. जाड चिलखती पोलादाला वरवर तपकिरी झाक येते, पण चालत्या गाडीत ते कुजत नाही. कुजतो तो पातळ पत्रा, म्हणजे मडगार्ड, सामानाच्या पेट्या. आणि जळतो तो सायलेन्सर. सेंच्युरियनचे सायलेन्सर मागच्या बाजूला दोन्हीकडच्या मडगार्डवर असतात. उष्णतेनं त्यांचा रंग जळतो आणि उघड्या पत्र्याला खरा नारिंगी गंज चढतो. भरपूर गंज काढायची हौस असेल तर ती तिथं भागवा. चाकांची धाव रबराची असते, तिच्यावर गंज काढलेलीही मॉडेलं पाहिलीत.

चेनीचं उत्तर पोकलेननं दिलं. जमिनीला टेकणारा भाग वखराच्या पासेसारखा चकचकीत. चाक जिथून फिरतं तो आतला पट्टाही घासून पांढरा. मधल्या खोबणीत वाळलेली माती. बाजूला तपकिरी, गंज आणि धूळ मिसळलेली. चार दिवस मशीन उभं राहिलं तर चकचकीत भागावरही तांबूस पापुद्रा आला, आणि दहा पावलं चालताच गेला. म्हणजे चेनीकडे पाहून गाडी उभी होती की चालत होती हे सांगता येतं. लोखंडाची ती चमक आणायला पेन्सिलीच्या शिशाची भुकटी बोटानं घासायची. चांदीच्या रंगापेक्षा ती कितीतरी खरी दिसते. सेंच्युरियनला बाजूनं पत्र्याच्या झडपा असतात, त्यामागे वरची चेन झाकून जाते. तिथं जीव काढायची गरज नाही, आळशी माणसाला हा रणगाडा सोयीचा.

पाण्याचे ओघळही कारणानंच येतात. पेटीच्या झाकणाखालून, बोल्टखालून, सरळ खाली. ऑइल रंगाचा बारीक ठिपका द्यायचा आणि व्हाइट स्पिरिटनं जेमतेम ओलसर ब्रश वरून खाली ओढायचा. गोठ्याच्या टिनावर पावसानं काढलेल्या रेघा पाहा, वर गडद आणि खाली विरत गेलेल्या. अगदी तशाच.

आता माती. इथं माझी फजिती झाली.

पहिल्या खेपेला मला वाटलं, पिगमेंटच्या, म्हणजे रंगीत भुकटीच्या, डब्या विकत कशाला घ्यायच्या, माती तर वावरभर पडली आहे. आणली, वाळवली, फडक्यातून गाळली, पाण्यात फेव्हिकॉल कालवून त्यात मिसळली आणि खालच्या भागाला थापली. दुसऱ्या दिवशी थराला भेगा. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, उन्हाळ्यात वावरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात ते याच गुणामुळे. तिच्यातली चिकणमातीच तशी. मॉडेलवरची दोन मिलिमीटरची भेग खऱ्या गाडीवर सात सेंटिमीटरची झाली. शिवाय कणाचं माप. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण पस्तीसपट केला तर पावणेदोन सेंटिमीटरची गिट्टी होते. मातीतला काडीकचरा दमट दिवसांत बुरशी धरतो, ते वेगळंच.

पण खरी चूक दाखवली ती शेजारच्या फौजी काकांनी. काका फौजेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले, रणगाड्यात कधी बसले नाहीत, पण नोकरीची बरीच वर्षं पंजाबात काढलेली. त्यांनी मॉडेल हातात घेतलं, उलटं केलं. ‘हे आपल्या वावरातली माती होय ना? तिकडे अशी माती नाही बावा. तिकडची पिवळसर, पिठावानी. उडते.’

माझा खुशाब सियालकोटकडे न जाता आपल्या आर्वीकडे लढून आला होता. सियालकोटचा तो भाग म्हणजे नद्यांनी आणून पसरलेला गाळ, फिकट तपकिरी, बारीक. आपली काळी ती बेसॉल्ट खडक झिजून झालेली. तारीख माहीत होती, सप्टेंबर, म्हणजे पाऊस सरत आलेला. शेतं ओली आणि रस्ते वाळायला लागलेले. मग चाकांवर आणि पोटाखाली वाळलेला फिका चिखल, त्यावर एखाद-दुसरा ताजा ओला गडद शिंतोडा आणि वरच्या सपाट भागावर पीठ चाळल्यासारखी धूळ. आणि चढायच्या जागी ती धूळही पुसलेली. तारीख-जागा ठरली की निम्मे प्रश्न सुटतात म्हणालो ते हेच.

दुसऱ्या खेपेला चिखल असा केला: प्लॅस्टर ऑफ पॅरिस, त्यात फिकट तपकिरी पिगमेंटची भुकटी आणि त्याच छटेचा ॲक्रिलिक रंग. रंग घातला नाही तर प्लॅस्टर मागाहून पांढरं पडतं. जुन्या ब्रशवर घेऊन ब्रशला काडी ओढली की शिंतोडे उडतात. आधी कागदावर उडवून पाहा, पहिला शिंतोडा नेहमी मोठा निघतो. धुळीसाठी नुसती भुकटी कोपऱ्यांत टाकायची, वर व्हाइट स्पिरिटचा थेंब सोडायचा. तो उडून गेला की भुकटी जागेवर धरून राहते. ओल्या चिखलाला वरून थोडं चमकदार वार्निश, कारण ओली माती गडद दिसते आणि चमकते, वाळली की फिकी आणि निस्तेज. एकाच गाडीवर दोन्ही असले की चिखल एका दिवसात लागला नाही हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

संदर्भासाठी नगरचं रणगाड्यांचं संग्रहालय पाहावं असं मी सगळ्यांना सांगतो. १९९४ पासून आहे आणि ठेवा मोठा आहे. आपल्याकडून रात्रभराचा प्रवास, पण जोडकामाआधी एकदा जाच. बोल्ट, वेल्डिंग, ओतकामाचा पोत तिथंच कळतो. जुनं करण्याचं मात्र तिथं शिकायला मिळणार नाही. संग्रहालयातल्या गाड्या वेळोवेळी रंगवलेल्या, धुतलेल्या असतात. ते शिकायचं तर ट्रॅक्टर, ट्रॉली, थ्रेशर, पोकलेन.

काळी माती मी फेकली नाही. तव्यावर भाजून, दोनदा वस्त्रगाळ करून डबीत भरली आहे. ती लागेल तेव्हा ट्रॅक्टरचं मॉडेल करीन. बाबांनी लगेच अट घातली की मडगार्डचा पोचा दाखवायचा नाही, तो त्यांच्या हातून पडलेला आहे.

खुशाब आता काचेच्या कपाटात आहे. कपाट लागतंच, कारण खरी धूळ मॉडेलला चालत नाही. सरकीवरून सुटलेला कापसाचा तंतू तीन सेंटिमीटरच्या आतबाहेरचा असतो, म्हणजे टरेटवर मीटरभर लांबीची दोरी. महिन्यातून एकदा मेकअपच्या मऊ ब्रशनं ती झटकायची, आणि झटकताना आपण लावलेली धूळ जाणार नाही इतक्या हलक्या हातानं.